जठर स्वतःलाच का पचवीत नाही?

पेणच्या किंवा रोह्याच्या बाजारात मटणाच्या दुकानी वजडी टांगलेली तुम्ही पाहिली असेल. वजडी म्हणजे बकऱ्याचे जठर आणि आतडी. ती शिजवून खाल्ली, की काही तासांतच आपल्या जठरात तिचा लगदा होतो. आता एक प्रश्न स्वतःलाच विचारून पाहा. बकऱ्याचे जठर मांसाचे, आपलेही मांसाचेच. मग जो रस बकऱ्याचे जठर पचवतो, तो आपले जठर का पचवीत नाही?

प्रश्न पोरकट वाटेल, पण तसा तो नाही. या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट समजले, त्याला जठराचा दाह म्हणजे काय, अल्सर कशाने होतो आणि तो कसा टाळावा, हेही समजले. तुमच्यापैकी काही जण दहावी-बारावीनंतर नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला जातील. 'सिस्टर, पोटात जळजळ होते हो' असे म्हणणारा रुग्ण त्यांना पहिल्याच आठवड्यात भेटेल. जे जाणार नाहीत, त्यांच्याही घरात असे म्हणणारे कोणीतरी असतेच. म्हणून हा विषय सर्वांच्याच कामाचा आहे.

पोटातली आम्लाची टाकी

जठरात आम्ल असते हे आज पाठ्यपुस्तकात असते. ते कोणते आम्ल, हे प्रथम दाखवले विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टराने. साल होते १८२३. हे आम्ल म्हणजे तुमच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात बाटलीत असते तेच हायड्रोक्लोरिक आम्ल, हे ऐकून त्या काळच्या लोकांना नवल वाटले.

जठराचे काम प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्याची संधीही त्याच सुमारास एका अपघाताने मिळाली. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण कामगाराला चुकून बंदुकीची गोळी लागली. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टराने त्याला वाचवले. पण जखम भरली तरी पोटाला एक भोक कायमचे राहिले, आणि ते थेट जठरात उघडत होते. बोमाँटने रेशमी दोऱ्याला मांसाचे, भाजीचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले, ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले आणि आपली निरीक्षणे १८३३ साली पुस्तकरूपाने छापली. मद्य प्यायल्यावर जठराचे अस्तर लाल होते, त्यावर चट्टे येतात, हेही त्याने पाहून लिहून ठेवले. जठराचा दाह जिवंत माणसात डोळ्यांनी पाहिल्याची ही फार जुनी नोंद आहे.

आपले जठर दिवसाला सुमारे दोन लिटर रस तयार करते. त्यात आम्ल असते आणि प्रथिनांचे तुकडे करणारे पेप्सिन हे विकर असते. उपाशीपोटी या रसाचा सामू दीड-दोनच्या आसपास असतो. लिंबाचा रसही साधारण इतकाच आंबट असतो. म्हणजे आपण पोटात आम्लाची एक टाकीच बाळगून असतो म्हणा ना!

इथे एका शब्दाचा घोळ दूर करू. आपल्याकडे छातीत जळजळले, आंबट पाणी तोंडात आले, की 'पित्त झाले' म्हणतात. पण शरीरशास्त्रात पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा, कडू रस. तो जठराच्या पुढे, लहान आतड्यात येऊन मिळतो. तोंडात आलेले आंबट पाणी हे जठरातले आम्ल असते. घरात 'पित्त' म्हणायला हरकत नाही. रुग्णाची नोंद लिहिताना मात्र दोन्हींतला फरक लक्षात हवा.

टाकीचे अस्तर

रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. अशा कारखान्यांत हायड्रोक्लोरिक आम्ल उघड्या लोखंडी टाकीत ठेवीत नाहीत, कारण ते लोखंड खाऊन टाकते. टाकीला आतून रबराचे अस्तर लावतात, किंवा टाकीच प्लॅस्टिकसारख्या पदार्थाची करतात. अस्तर शाबूत तोवर टाकी शाबूत. एखाद्या ठिकाणी अस्तर फाटले, की तेवढ्याच जागी आम्ल लोखंडाला भिडते आणि भोक पडते.

जठराचेही असेच आहे, पण त्याचे अस्तर जिवंत आहे. त्याची व्यवस्था चार पदरी आहे.

पहिला पदर म्हणजे चिकट, बुळबुळीत श्लेष्मा. भेंडी चिरल्यावर जसा चिकटा सुटतो, तसा तो जठराच्या आतल्या पृष्ठभागावर पसरलेला असतो. दुसरा पदर म्हणजे बायकार्बोनेट. खाण्याच्या सोड्यात असते तेच हे. अस्तरातल्या पेशी ते श्लेष्म्यात सोडत राहतात. त्यामुळे पोकळीत तीव्र आम्ल असले, तरी पेशींना चिकटलेल्या थरात ते जवळजवळ उदासीन झालेले असते. तिसरा पदर म्हणजे भरपूर रक्तपुरवठा. चुकून आत शिरलेले आम्ल रक्त वाहून नेते. आणि चौथी गोष्ट म्हणजे नवेपण. अस्तराच्या पृष्ठभागावरच्या पेशी काही दिवसांतच झडतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. कारखान्यातले रबर झिजले तर माणसाला बदलावे लागते, जठर आपले अस्तर आपणच बदलत राहते.

शिजलेल्या वजडीत यांपैकी काहीच उरलेले नसते. म्हणून ती पचते आणि आपले जठर पचत नाही. आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर हे!

दाह आणि व्रण

आता अस्तरावर हल्ला झाला तर काय होईल? दोन पायऱ्या आहेत आणि त्यांची गल्लत करू नये.

अस्तर सुजले, लाल झाले, त्यात पांढऱ्या पेशी जमल्या, पण ते अजून जागच्या जागी आहे, अशा अवस्थेला जठरदाह किंवा जठरशोथ म्हणतात. डॉक्टरांच्या कागदावर 'गॅस्ट्रायटिस' असे लिहिलेले दिसते ते हेच. अस्तराचा एखादा भाग खोलवर खरवडला जाऊन तिथे खड्डा पडला, म्हणजे तो व्रण, अर्थात अल्सर. असा व्रण जठरात होतो, तसाच जठरापुढच्या लहान आतड्याच्या पहिल्या भागातही होतो. या भागाला मराठीत ग्रहणी म्हणतात, डॉक्टर ड्युओडिनम म्हणतात. खड्डा खोल जाऊन रक्तवाहिनीला भिडला तर रक्तस्राव होतो. तो आरपार गेला तर जठरातला माल उदरपोकळीत सांडतो. दोन्ही प्रसंग जिवावरचे आहेत.

गागोद्याचे विनोबा

अल्सर कशाने होतो? कोणालाही विचारा, दोन उत्तरे मिळतील : 'तिखट खाऊन' आणि 'काळजी करून'. डॉक्टरही कितीतरी वर्षे जवळपास हेच सांगत होते. पण पेण तालुक्यातल्याच एका थोर पुरुषाचे उदाहरण घ्या.

आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे गावी झाला. १९५१ साली पोचमपल्लीला भूदान चळवळ सुरू झाली आणि त्यानंतर सुमारे तेरा वर्षे ते गावोगाव पायी हिंडले. या काळात त्यांना अल्सरचा त्रास होता. दूध, दही, मध असा सौम्य आहार ते थोडा थोडा घेत. आता पाहा, 'अस्वाद', म्हणजे जिभेसाठी न खाणे, हे आश्रमाच्या एकादश व्रतांपैकी एक. ते पाळणाऱ्या माणसाला तिखट-मसाल्याचे वेड असणे शक्य नव्हते. मद्य आणि तंबाखूचा तर प्रश्नच नव्हता. तरीही अल्सर झाला!

दूध-दह्याचा मार्ग त्या काळच्या वैद्यकशास्त्राला धरूनच होता. १९१० साली कार्ल श्वार्ट्झ या शल्यविशारदाने 'आम्ल नाही तर व्रण नाही' असे सूत्र मांडले होते. १९१५ पासून शिकागोच्या बर्ट्राम सिपी यांची दूध आणि साय दर तासाला देण्याची पद्धत जगभर गाजली. दुधाने आम्ल काही वेळ मवाळ होते आणि बरे वाटते. पण त्यातली प्रथिने आणि कॅल्शियम यांमुळे थोड्या वेळाने जठर आणखी आम्ल सोडते, हे पुढे समजले. सूत्र खोटे नव्हते, अपुरे होते. आम्ल तर प्रत्येकाच्या जठरात असते. मग अस्तर फाटते ते काहींचेच का?

पर्थचा वाकडा जंतू

१९७९ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरी रॉबिन वॉरन हे विकृतिशास्त्रज्ञ जठराच्या अस्तराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. दाह झालेल्या अस्तरावर त्यांना वळणदार आकाराचे जंतू दिसले. इतक्या आम्लात जंतू जगूच शकत नाहीत, अशी सर्वांची पक्की समजूत होती, त्यामुळे कोणी लक्ष दिले नाही. १९८१ साली बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. दोघांनी तो जंतू वाढवण्याचा प्रयत्न केला, पण बशीत काही उगवेना. १९८२ च्या एप्रिलमध्ये ईस्टरची सुटी आली आणि बशा नेहमीपेक्षा अधिक दिवस तशाच राहिल्या. सुटीनंतर पाहतात तो वसाहती उगवलेल्या! जंतू सावकाश वाढणारा होता, एवढेच.

तरीही लोक मानीनात. तेव्हा १९८४ साली मार्शलने हा जंतू कालवलेले पाणी स्वतःच पिऊन टाकले. काही दिवसांत त्याला मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या, आणि दहाव्या दिवशी काढलेल्या अस्तराच्या तुकड्यात दाह आणि जंतू दोन्ही सापडले. ध्यानात घ्या, त्याला जठरदाह झाला, व्रण झाला नाही. वर सांगितलेल्या दोन पायऱ्यांपैकी ही पहिली पायरी. या जंतूला १९८९ पासून 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' म्हणतात. वॉरन आणि मार्शल यांना २००५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ज्या वर्षी हा जंतू पर्थला बशीत उगवला, त्याच वर्षी, १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, विनोबांचे पवनारला निधन झाले.

जगातल्या सुमारे निम्म्या माणसांच्या जठरात हा जंतू आढळला आहे. त्यांच्यातल्या बहुतेकांना व्रण कधीच होत नाही, काहींना होतो. जंतू बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात, तोंडावाटे शिरतो. दीर्घकाळ राहिलेला हा जंतू जठराच्या कर्करोगालाही कारण होऊ शकतो, असे १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने जाहीर केले. उपचार मात्र सोपा आहे. आम्ल कमी करणारे औषध आणि त्याच्या जोडीला दोन किंवा अधिक जंतुनाशके, बहुधा चौदा दिवस. चार दिवसांत बरे वाटले म्हणून गोळ्या सोडल्या, तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

करून पाहा

हा जंतू आम्लात जगतो कसा? त्याच्याजवळ युरिएज नावाचे विकर असते. जठररसात थोडा युरिया असतोच. त्याचे युरिएज अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड करते. अमोनिया आम्लारिधर्मी, त्यामुळे जंतूभोवतीचे आम्ल मारले जाते. तेच विकर सोयाबीनमध्येही असते आणि तोच युरिया अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यात खत म्हणून तयार होतो. तेव्हा शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग करा.

कच्च्या सोयाबीनचे वीस दाणे रात्रभर भिजवा, ठेचा आणि थोड्या पाण्यात कालवून गाळून घ्या. या अर्काचे दोन भाग करा. एक भाग दहा मिनिटे उकळून थंड करा. दोन पेल्यांत अर्धा अर्धा पेला पाणी घेऊन प्रत्येकात चमचाभर युरिया विरघळवा. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद दोन्हींत बुडवून पाहा, तो पिवळाच राहायला हवा. तांबूस झाला, तर लिंबाच्या रसाचा एखादा थेंब टाका. मग एका पेल्यात कच्चा अर्क आणि दुसऱ्यात उकळलेला अर्क घाला. अर्ध्या तासाने नवे हळदकागद बुडवा. कच्च्या अर्काच्या पेल्यात कागद तांबडा होईल, उकळलेल्याच्या पेल्यात पिवळा राहील. का, ते तुम्हीच सांगा. पेल्यातले काही चाखू नका, पेले स्वयंपाकाला वापरू नका आणि हात धुवा. जंतू ओळखण्याच्या दवाखान्यातल्या चाचण्यांपैकी दोन याच तत्त्वावर चालतात. अस्तराचा तुकडा युरियात टाकून रंग पाहणे ही एक, आणि खुणेचा युरिया पाजून श्वासातला कार्बन डायऑक्साइड तपासणे ही दुसरी.

अंगदुखीची गोळी

अस्तर फाडणारा दुसरा शत्रू आपण दुकानातून विकत आणतो. गणपती जवळ आले, की पेणच्या मूर्तिशाळांत रात्रीचा दिवस होतो. आषाढात शेतात वाकून भाताची लावणी करताना कंबर धरते. मग येते अंगदुखीची गोळी, कधी दिवसातून दोनदा-तीनदा, आणि दिवसामागून दिवस.

ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या वेदना कशा थांबवतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. दुखणे आणि सूज वाढण्यात त्यांचा हात असतो. गोळी त्यांची निर्मिती रोखते. पण जठरात हीच द्रव्ये श्लेष्मा, बायकार्बोनेट आणि रक्तपुरवठा टिकवून धरतात. गोळीला कंबर कोणती आणि जठर कोणते हे कळत नाही! दुखणे थांबते आणि टाकीचे अस्तरही पातळ होते. व्हेन यांना या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले तेही १९८२ सालीच.

'मी जेवल्यावर घेतो, मग काय होणार?' असे पुष्कळ जण म्हणतात. जेवल्यावर घेतल्याने मळमळ कमी होते हे खरे. पण गोळीचा मुख्य परिणाम रक्तात शिरल्यावर होतो, म्हणून याच औषधाच्या इंजेक्शननेही व्रण होऊ शकतो. वृद्ध माणसे, पूर्वी अल्सर झालेले, आणि स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारे औषध घेणारे यांना धोका अधिक. तंबाखू ओढणाऱ्यांचे व्रण लवकर भरत नाहीत. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत घेतल्यास जठराला असा उपद्रव देत नाही, पण मात्रा ओलांडली तर यकृताला घातक ठरते.

मग तिखटाचे काय? ज्याला तिखटाने जळजळते त्याने ते कमी खावे. काळजी आणि जागरण यांनी त्रास वाढतो, तेही खरे. पण 'तिखट सोडा, काळजी सोडा' एवढेच सांगून रुग्णाला परत पाठवणे म्हणजे फाटलेल्या अस्तराकडे पाठ फिरवणे.

सिस्टरने काय विचारावे?

निदान डॉक्टर करतील, गरज पडल्यास दुर्बिणीने जठर आतून पाहतील. पण रुग्णाजवळ आधी पोहोचते ती परिचारिका. तिने चार प्रश्न न विसरता विचारावेत.

१. दुखण्याची कोणती गोळी घेता, किती दिवस घेता? 'औषध घेता का' असे विचारले तर लोक 'नाही' म्हणतात, अंगदुखीच्या गोळीला ते औषध समजत नाहीत. हृदयासाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिन दिली असेल, तर ती परस्पर बंद करायला सांगू नये, डॉक्टरांच्या कानावर घालावे.

२. केव्हा दुखते? ग्रहणीतला व्रण उपाशीपोटी आणि रात्री दुखतो व खाल्ल्यावर शमतो, जठरातला पुष्कळदा खाल्ल्यावर दुखतो. हा नियम ढोबळ आहे, पण नोंद उपयोगी पडते.

३. शौचाचा रंग कसा आहे? जठरात रक्तस्राव झाला तर आम्लाने रक्त काळे पडते आणि शौच डांबरासारखी काळी, चिकट, दुर्गंधीची होते. उलटी कॉफीच्या चोथ्यासारखी दिसते. लोहाच्या गोळीनेही शौच काळसर होते. शाळेत आठवड्याला निळी गोळी घेणाऱ्यांना हे माहीत असेल. पण ती चिकट, डांबरी नसते.

४. वजन घटले आहे का, घास अडकतो का, चक्कर येते का? यांपैकी काहीही असेल तर तपासणी लांबवू नये.

काळी चिकट शौच, रक्ताची उलटी, किंवा एकाएकी असह्य दुखून पोट फळीसारखे ताठ होणे, यांपैकी काहीही दिसले तर रुग्णाला आडवे करा, तोंडाने काही देऊ नका, नाडी मोजत राहा आणि १०८ क्रमांकाला फोन करा. पेणला आणि रोह्याला उपजिल्हा रुग्णालये आहेत, अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. छातीत दाटून आले, घाम फुटला, हात किंवा जबडा दुखू लागला, तर 'ॲसिडिटी असेल' म्हणून सोडा पाजत बसू नका. ते हृदयाचे दुखणे असू शकते.

आज घरी गेल्यावर आजी-आजोबांना, आई-वडिलांना पहिला प्रश्न विचारा : 'दुखण्याची गोळी घेता का, आणि किती दिवसांपासून?' ते गोळ्यांची पट्टी काढून दाखवतील. तिच्यावरचे औषधाचे नाव वाचा आणि वहीत लिहून ठेवा. दवाखान्यात जायची वेळ आली, तर ती वही बरोबर न्या.